विसर्जनानंतर मूर्ती जाते कुठे?

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कधी नदीकाठी गेला आहात का? आदल्या रात्री तिथे गुलाल असतो, ढोल असतात, 'पुढच्या वर्षी लवकर या' असा गजर असतो. सकाळी मात्र काठावर निर्माल्याचे ढीग दिसतात आणि उथळ पाण्यात अर्धवट बुडालेल्या मूर्ती दिसतात. कुणाचा हात तुटलेला, कुणाची सोंड. रंग मात्र तसाच चकचकीत. दहा दिवस ज्यांची आरती केली त्यांना असे पाहून मन खट्टू होते.

'विसर्जन केले' असे आपण म्हणतो तेव्हा मूर्ती पाण्यात गेली आणि संपली, असे आपण मनाशी धरून चाललेले असतो. पण पदार्थविज्ञानाचा एक नियम तुम्ही आठवी-नववीतच शिकला आहात : द्रव्य नष्ट होत नाही. ते फक्त रूप बदलते किंवा जागा बदलते. मग दोन किलोची मूर्ती पाण्यात सोडल्यावर ते दोन किलो जातात कुठे? हा प्रश्न एकदा माझ्या आईने मला विचारला आणि भौतिकशास्त्राचा प्राध्यापक असूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही.

बादलीतला गणपती

गोष्ट २०१४ सालची. नदीत गर्दी नको आणि घाणही नको, म्हणून त्या वर्षी आम्ही घरच्या गणपतीचे विसर्जन घरीच, पंधरा लिटरच्या बादलीत करायचे ठरवले. मूर्ती बाजारातून आणलेली, प्लॅस्टर ऑफ पॅरिसची. बादली फुलांनी सजवली, आरती झाली, मूर्ती पाण्यात ठेवली. उद्यापर्यंत विरघळेल आणि पाणी कुंड्यांना घालू, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी मूर्ती होती तशीच. तिसऱ्या दिवशी मुकुटाचा थोडा रंग सुटला. आठव्या दिवशी आई म्हणाली, "अरे, बाप्पाला असं किती दिवस बसवून ठेवणार? तू तर सायन्सचा ना? सांग बघू, हा विरघळत का नाही?"

अकराव्या दिवशी मी मूर्ती गुपचूप बाहेर काढून फडक्यात गुंडाळली. पुढे तिचे काय केले हे लिहायला आजही संकोच वाटतो. पण त्याच रात्री मी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले, आणि उत्तर एका आकड्यात मिळाले.

अडीच ग्रॅमची गोष्ट

जिप्सम नावाचे खनिज आपल्याकडे राजस्थानात विपुल सापडते. हे म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर स्फटिकात पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की यातले तीनचतुर्थांश पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तेच प्लॅस्टर ऑफ पॅरिस. पॅरिसमधल्या माँमार्त्र टेकडीतल्या जिप्समच्या खाणींवरून हे नाव पडले.

या भुकटीत पाणी घातले की ती गेलेले पाणी परत घेते आणि पुन्हा जिप्सम बनते. बनताना सुयांसारखे बारीक स्फटिक वाढतात आणि एकमेकांत घट्ट अडकतात. मोडलेल्या हाताला घातलेले प्लॅस्टर थोड्याच वेळात कडक होते ते याचमुळे. म्हणजे प्लॅस्टरची मूर्ती हा वाळलेला चिखल नसून एक प्रकारचा कृत्रिम दगडच असतो.

आता विद्राव्यता पाहू. एक लिटर पाण्यात मीठ साडेतीनशे ग्रॅम विरघळते. जिप्सम किती? फक्त सुमारे २.५ ग्रॅम! तेवढे विरघळले की द्रावण संपृक्त झाले. पुढे तुम्ही वर्षभर वाट पाहा, एक कणही जास्त विरघळणार नाही.

माझ्या बादलीचा हिशेब करा. पंधरा लिटर पाण्यात जास्तीत जास्त ३७.५ ग्रॅम. मूर्ती होती २००० ग्रॅमची. ती पूर्ण विरघळवायला किमान २००० ÷ २.५ = ८०० लिटर पाणी हवे होते. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी जवळजवळ भरून! तेसुद्धा रंगाचा थर नसता तर. तेलरंगाचा थर म्हणजे मूर्तीचा रेनकोट. पाणी आत पोचतच नाही.

नदीत पाणी वाहते असते, मग तिथे तर मूर्ती विरघळेल, असे कुणी म्हणेल. विरघळते, पण अतिशय सावकाश आणि फक्त पृष्ठभागावरून. तोवर ती गाळात रुतते. आणि विरघळलेले कॅल्शियम व सल्फेट पाण्यात राहतातच. साबणाला फेस येऊ न देणारे 'दुष्फेन' पाणी तुम्ही अभ्यासले आहे. उकळूनही न जाणारी कायमची दुष्फेनता येते ती अशाच क्षारांमुळे.

शाडूचे रहस्य

आता शाडूच्या मूर्तीकडे वळू. शाडूची सुकी मूर्ती पाण्यात ठेवली तर काही तासांत तिचा चिखल होतो. ती 'विरघळली' असे आपण म्हणतो, पण ते बरोबर नाही. माती पाण्यात विरघळत नाही, ती विखुरते. शाडूचे कण इतके बारीक असतात की पुष्कळसे दोन मायक्रॉनहूनही लहान. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. हे चपटे कण मूर्तीत केवळ एकमेकांच्या सान्निध्यामुळे चिकटलेले असतात. नवा रासायनिक बंध तयार झालेला नसतो. पाणी फटींतून शिरले की कण सुटे होतात.

मग कण सुटे झाले, पुढे काय? ते तळाशी बसतात, पण किती वेळाने? द्रवात पडणाऱ्या लहान गोळ्याचा वेग किती असतो, याचा नियम जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडला. वेग हा कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला की वेग चौथाई. या नियमाने दोन मायक्रॉनच्या मातीच्या कणाचा वेग काढला तर तो सेकंदाला साडेतीन मायक्रॉन येतो, म्हणजे दिवसाला साधारण ३० सेंटिमीटर. बादलीची उंची तेवढीच असते. म्हणून बादलीतले शाडूचे पाणी एका दिवसात बरेचसे निवळते. पण तीन मीटर खोल तळ्यात हेच कण खाली बसायला दहा दिवस लागतील, आणि तळ्यात जराही हालचाल असेल तर त्याहून जास्त. तोवर पाणी गढूळ, सूर्यप्रकाश आत शिरत नाही, पाणवनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. तळ हळूहळू भरत जातो तो वेगळाच.

सांगायचे तात्पर्य, शाडू 'निर्दोष' आणि प्लॅस्टर 'दोषी' इतके हे प्रकरण सोपे नाही. आपल्याकडे येणारी शाडू माती बरीचशी गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येते. तिथे कुणाची तरी जमीन खणली जाते, ट्रकने माती इथवर येते आणि दहा दिवसांनी आपण ती तळ्यात टाकतो. पण शाडूचा एक मोठा गुण असा की बादलीतले पाणी निवळल्यावर ती तळाशी जशीच्या तशी सापडते. पाणी ओतून टाका, चिखल सुकवा, पुढच्या वर्षी त्याच मातीचा नवा गणपती! पुण्यात अशी माती घरोघरून गोळा करून मूर्तिकारांकडे परत पोचवण्याचे उपक्रम झालेले आहेत. 'पुढच्या वर्षी लवकर या' याला याहून चांगले उत्तर कोणते?

मात्र रंगाची गोष्ट दोन्ही मूर्तींना लागू आहे. काही रंगांत शिसे, क्रोमियम यांसारख्या धातूंची संयुगे असू शकतात. फुले कुजतात, कागद कुजतो, पण मूलद्रव्य कुजत नाही. शिशाचा अणू पाण्यात, गाळात, माशात किंवा आपल्या पोटात कुठेही गेला तरी शिसेच राहतो. म्हणून गेरू, हळद यांसारखे साधे रंग किंवा न रंगवलेली मूर्ती उत्तम.

खतात रूपांतर

आईच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर पुण्यातच तयार होत होते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी एक सोपी युक्ती सुचवली आणि पुणे महानगरपालिकेने २०१६ पासून ती नागरिकांपर्यंत पोचवली. प्लॅस्टरची मूर्ती नुसत्या पाण्यात न ठेवता अमोनियम बायकार्बोनेट घातलेल्या पाण्यात ठेवायची. बिस्किटे फुलवण्यासाठी बेकरीत वापरतात तेच हे रसायन. अधूनमधून ढवळत राहिले तर लहान मूर्ती साधारण दोन दिवसांत मोडते.

यात जिप्सम आणि अमोनियम बायकार्बोनेट यांची अदलाबदल होते. कॅल्शियमला कार्बोनेट मिळते, अमोनियमला सल्फेट. कॅल्शियम कार्बोनेट जिप्समपेक्षाही शंभरपटींहून कमी विद्राव्य आहे, त्यामुळे ते तयार होताच अवक्षेप म्हणून खाली बसते. पाण्यातले कॅल्शियम असे सतत काढून घेतले जात असल्याने द्रावण संपृक्त राहतच नाही, आणि मूर्तीतले आणखी जिप्सम विरघळत जाते. बादलीतली कोंडी फुटते ती इथे!

आता या क्रियेचा जमाखर्च मांडू. सोयीसाठी मूर्ती १७२० ग्रॅमची धरली आहे. हाच आकडा का, ते रेणुभार काढून तुम्हीच शोधा.

जमा
मूर्ती (जिप्सम) : १७२० ग्रॅम
अमोनियम बायकार्बोनेट : १५८० ग्रॅम
एकूण : ३३०० ग्रॅम

खर्च
कॅल्शियम कार्बोनेट (खाली बसणारी पांढरी भुकटी) : १००० ग्रॅम
अमोनियम सल्फेट (पाण्यात विरघळलेले) : १३२० ग्रॅम
कार्बन डाय-ऑक्साइड (हवेत गेलेला) : ४४० ग्रॅम
पाणी : ५४० ग्रॅम
एकूण : ३३०० ग्रॅम

एक ग्रॅमही हरवला नाही! मूर्तीच्या वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट घ्या असे का सांगतात, तेही या हिशेबावरून कळते.

अमोनियम सल्फेट हे शेतकऱ्यांच्या ओळखीचे खत आहे. गंमत म्हणजे, याच प्रकारच्या क्रियेने आपल्या देशाने पूर्वी शेतांसाठी खत बनवले होते. धनबादजवळ सिंद्री येथे सरकारी खत कारखाना उभारला गेला आणि १९५१ साली त्यातून अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले. त्यासाठी लागणारे जिप्सम येई ते राजस्थानातून, आगगाडीने. सिंद्रीच्या प्रचंड टाक्यांत जे घडे, तेच आपल्या बादलीत घडते.

पण थांबा. हिशेब इथे संपत नाही. १३२० ग्रॅम खत पंधरा लिटर पाण्यात म्हणजे जवळजवळ नऊ टक्क्यांचे तीव्र द्रावण. ते तसेच तुळशीला घातले तर तुळस जळेल. निदान पन्नासपट पाणी मिसळायला हवे. आणि 'कोण एवढे करतो' म्हणून ते मोरीत ओतले तर? एका घराचे १३२० ग्रॅम. एक लाख घरांचे १३२ टन! गटारातून हे सारे नदीत गेले की शेवाळ आणि जलपर्णी यांना आयतेच खत मिळणार. म्हणजे आपण रक्कम एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात टाकली, शिल्लक तेवढीच. युक्ती कितीही चांगली असली तरी हिशेबाची शेवटची ओळ वाचल्याशिवाय ती पुरी झाली असे समजू नये.

मूर्तिकाराची बाजू

दोन वर्षांनी माझे पेणला जाणे झाले. रायगड जिल्ह्यातले पेण आणि आसपासची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. एका कारखान्यात वयस्कर मूर्तिकार भेटले. त्यांना मी विचारले, "दादा, तुम्ही सगळ्या मूर्ती शाडूच्याच का करत नाही?"

ते हसले. म्हणाले, "सर, तुमचं बरोबर आहे. पण प्लॅस्टर साच्यात ओतलं की अर्ध्या तासात मूर्ती बाहेर. शाडूची मूर्ती वाळायला दिवस लागतात, आणि पावसात तर विचारूच नका. शेकोटी लावावी तर तडा जातो. शिवाय वजनाला जड आणि गाडीत हादरा बसला की कान तुटला. तुम्ही गिऱ्हाईक श्रावणात येता आणि स्वस्त मागता. मी काय करू?"

त्यांच्या म्हणण्यात पदार्थविज्ञान होते. प्लॅस्टर घट्ट होते ते रासायनिक क्रियेने. हवा दमट असली तरी ती क्रिया अडत नाही. शिवाय घट्ट होताना ते किंचित प्रसरण पावते आणि साच्याचा कोपरान्‌कोपरा भरते. शाडू घट्ट होते ती केवळ बाष्पीभवनाने. कोकणातल्या पावसाळ्यात हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते, मग बाष्पीभवन होणार कसे? आणि वाळताना माती आकसते. बाहेरचा भाग आतल्यापेक्षा आधी आकसला की तडा.

यावर कायदा आणि न्यायालयांतही बराच खल झाला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. ज्यांचे पोट यावर, ते मूर्तिकार न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनवण्यास व विकण्यास मुभा दिली, पण परवानगीशिवाय नैसर्गिक जलसाठ्यांत त्यांचे विसर्जन करता येणार नाही असे सांगितले.

पण पेणच्या दादांच्या अडचणीवर एक उपाय न्यायालयाविना आपल्या हाती आहे : मागणी उन्हाळ्यात नोंदवायची! चैत्र-वैशाखातल्या उन्हात शाडू आपोआप वाळते. लहान मूर्ती मागायची, म्हणजे ती समान वाळते व तडकत नाही. आणि चार पैसे जास्त द्यायचे.

निर्माल्य आणि माशांचा श्वास

आता निर्माल्याचा हिशेब. 'फुले तर नैसर्गिक, ती नदीत टाकली तर काय बिघडले?' हा प्रश्न मला दरवर्षी विद्यार्थी विचारतात. प्रश्न चांगला आहे.

एक किलो हार-दूर्वा-पत्री घ्या. त्यातले बहुतेक वजन पाण्याचे. कुजण्याजोगा कोरडा भाग साधारण शंभर ग्रॅम धरू. जिवाणू तो खातात तेव्हा त्यांना प्राणवायू लागतो. हा भाग ग्लुकोजसारखा मानला तर शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू लागतो. आता पाण्यात प्राणवायू असतो किती? २५ अंश तापमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात फक्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास. भागाकार करा : एक किलो निर्माल्य कुजायला सुमारे १२,५०० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडतो! पाण्याच्या मोठ्या टँकरहून जास्त.

हवेतून पाण्यात नवा प्राणवायू येत राहतो हे खरे, पण संथ पाण्यात फार सावकाश. तोवर प्राणवायू ३-४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांना जगणे कठीण होते. तो अगदी संपला की वेगळ्याच जातीचे जिवाणू माजतात. ते प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. हे सल्फेट त्यांना कुठून मिळते? आपल्या प्लॅस्टरच्या मूर्तींतूनही! विसर्जनाच्या तळ्यांना पुढे येणाऱ्या दुर्गंधीचे एक कारण हे आहे.

आता हेच निर्माल्य खड्ड्यात कुजवले तर? एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो, म्हणजे पाण्याच्या तीसपटींहून अधिक. निर्माल्य तेच, जिवाणूही तसेच. पण तिथे प्राणवायूची ददात नाही आणि शेवटी उरते ते खत. फक्त हारातला दोरा, प्लॅस्टिकची पिशवी आणि चमकी आधी काढून ठेवायला हवी.

दिवे आणि आवाज

मंडळाच्या रोषणाईचा हिशेब तुम्हाला सहज करता येईल. समजा, एका मांडवाला ५०० वॅटचे वीस हॅलोजन दिवे आहेत आणि ते रोज सहा तास, दहा दिवस जळतात. एकूण ६०० युनिट वीज लागली. तेवढाच उजेड देणारे १०० वॅटचे एलईडी दिवे लावले तर १२० युनिट. वाचली ४८० युनिट. ही वीज जनित्रावर तयार करायची झाली तर, एका लिटर डिझेलमागे तीन युनिट धरून, १६० लिटर डिझेल लागले असते आणि त्यातून चारशे किलोहून जास्त कार्बन डाय-ऑक्साइड हवेत गेला असता. पण वीज वाचते म्हणून पाचपट दिवे लावले तर बचत शून्य. असे करणारी मंडळेही मी पाहिली आहेत.

आवाजाचा कचरा डोळ्यांना दिसत नाही. डेसिबलचे माप फसवे असते. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट झाली. ७० डेसिबलच्या मानाने १०० डेसिबल म्हणजे हजारपट. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे मानले, तर पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. आपल्या अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. भिंतीसारख्या रचलेल्या कर्ण्यांपुढे नाचणाऱ्या मुलाच्या हे त्या रात्री लक्षात येत नाही; चाळिशीत येते. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली ती उगाच नाही.

मंडळाच्या सभेत

सार्वजनिक गणेशोत्सवाला लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून मोठे रूप दिले ते लोकांनी एकत्र यावे म्हणून. आपली मंडळे आजही दरवर्षी जमाखर्च वाचून दाखवतात. वर्गणी किती जमली, मांडवाला किती गेले, शिल्लक किती. गेल्या काही वर्षांपासून आमच्या भागातल्या मंडळात शाळेची मुले आणखी एक जमाखर्च वाचतात : वस्तूंचा.

पहिल्या वर्षी खजिनदारांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सर, याची पावती कुठे फाडू?" असे म्हणाले. मुलांनी मात्र वजनकाटा आणून निर्माल्य मोजले, मीटरचे आकडे टिपले, मूर्तींचे वजन केले. सभेत एका आठवीतल्या मुलीने आकडे वाचले आणि शेवटी विचारले, "यातलं नदीत किती गेलं?" सभा क्षणभर गप्प झाली.

त्या वर्षी भांडण झालेच. काहींना उंच मूर्ती हवी होती. पण दुसऱ्या वर्षी तोड निघाली. पुण्यातल्या अनेक जुन्या मंडळांत मोठी मूर्ती कायमची असते, तीच मिरवतात आणि घरी परत आणतात. विसर्जन होते ते पूजेच्या लहान मूर्तीचे. ही चाल आम्हीही उचलली. निर्माल्याचा खड्डा झाला. आवाजाचा वाद अजून मिटलेला नाही. पण मुले दरवर्षी आकडे वाचतात, आणि आकड्यांपुढे ओरडून बोलणे जरा अवघड जाते.

आमच्या घरी आता शाडूची वीतभर मूर्ती असते. बादलीत ती दुपारी ठेवली की रात्रीपर्यंत चिखल होतो. आई तो जुन्या धोतरात गाळून गच्चीवर सुकवते आणि डब्यात भरून ठेवते. पुढच्या वर्षी मूर्तिकाराला द्यायला.

करून पाहा

१. वर्गातला खडू बहुधा प्लॅस्टरचाच असतो. दहा कोरड्या खडूंचे वजन करा, एक लिटर पाण्यात दोन दिवस ठेवा, बाहेर काढून उन्हात पूर्ण वाळवा आणि पुन्हा वजन करा. घट किती? अडीच ग्रॅमच्या जवळ येते का? पाण्याच्या तळाशी चुरा पडला असेल तर तोही वजनात धरा, कारण तो विरघळलेला नाही.

२. एक खडू साध्या पाण्यात आणि दुसरा अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ठेवा. दुसऱ्याचे काय होते? हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, उघड्यावर करा. अमोनियाचा उग्र वास येतो. भांड्याला झाकण घट्ट लावू नका. का, ते वरच्या जमाखर्चावरून सांगा.

३. चमचाभर शाडू दोन सारख्या बाटल्यांत पाण्याबरोबर हलवून ठेवा. एकीत चिमूटभर तुरटी टाका. बाटलीमागे वर्तमानपत्र धरून अक्षरे कधी वाचता येतात, ती वेळ नोंदवा. तुरटीने कण एकत्र येऊन मोठे होतात. आता स्टोक्सचा नियम वापरून सांगा : कणाचा व्यास दहापट झाला तर तो किती पट वेगाने खाली बसेल?

४. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा वस्तूंचा जमाखर्च मांडा. किती कागद, किती कापड, किती वीज, किती अन्न आले आणि प्रत्येक गोष्ट शेवटी कुठे गेली? 'फेकून दिले' हे उत्तर चालणार नाही. फेकलेली वस्तूही कुठेतरी जातेच; ती जागा शोधून लिहा.